चोवीसचा आकडा

गेमची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आम्ही सगळे 'अंदाजे' म्हणायचो. आडनाव नव्हे हो, खोड. कंपनी नवं कन्सोल आणणार अशी नुसती कुणकुण लागली, की हा जुनं खोलून बसायचा. पंखा केवढा, अडॅप्टर किती वॅटचा हे मापून पुढच्या यंत्राच्या पोटात काय असेल ते छातीठोकपणे सांगायचा. मुलगी बघायला गेला तेव्हाही म्हणे आधी त्यांच्या टीव्हीच्या मागे डोकावून आला होता. बायको अजून टोमणा मारते, "मला नंतर पाहिलं!"

या खेपेला त्यानं इंटरनेटवर लिहिलं: मेमरी चोवीस जीबी. बाकीचे सोळा नाहीतर बत्तीसवर अडून बसलेले. त्यांनी याला वेड्यात काढलं. एकानं खिजवलं, "तुला काय कंपनीनं फोन केला होता का?" गडी चिडला. ठोकून दिलं, "घरचं माणूस आहे तिथं!"

माणूस होतं खरं. त्याची धाकटी बहीण त्याच कंपनीच्या कारखान्यात, तपासणी विभागात होती. नवऱ्याची नोकरी सुटलेली, दोन पोरी शाळेत. घर हिच्या पगारावर. दर रविवारी भावाकडे जेवायला यायची, पण कामाबद्दल चकार शब्द काढायची नाही. तसं लिहूनच दिलं होतं तिनं.

चार दिवसांनी दुकानात दोन माणसं आली. हातात दुरुस्तीचं काही नाही. एकानं पाटीचा फोटो काढला. दुसरा गोड हसून म्हणाला, "ताई रविवारीच येतात ना?"

संध्याकाळी बहिणीचा फोन. "दादा, उद्या ऑफिसात बोलावलंय. तुलाही."

पुढचं त्यानं बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला, कुणाला सांगू नका म्हणून. म्हणून तर तुम्हालाच सांगतोय.

साहेब फार सभ्य. दोघांना पाणी दिलं, दार लावून घेतलं. "बातमी कुठून फुटते ते कळावं म्हणून मेमरीचा आकडा आम्ही प्रत्येक विभागाला वेगळा सांगितला होता. सगळे खोटे. चोवीस फक्त ताईंच्या विभागाला."

"म्हणजे माझा अंदाज चुकला?" बघा, या माणसाला आधी काय सुचलं!

"चुकला. बरोबर आला असता, तर तुमची हुशारी म्हटली असती."

तेव्हा कुठे त्याला बोलण्याचा रोख कळला. घाईघाईनं पिशवीतून वही काढली. तीन आठवड्यांचा हिशेब, पंख्याच्या मापासकट. "साहेब, हे सगळं माझं डोकं आहे. हिनं काही सांगितलेलं नाही."

साहेबांनी शांतपणे पानं उलटली. शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथं वीस खोडून वर चोवीस लिहिलं होतं. शाई वेगळी.

"हे कधी बदललंत?"

अंदाजे त्या आकड्याकडे बघत राहिला. अक्षर त्याचंच. रविवार होता का? जेवणाआधी, का नंतर?

"आठवत नाही."

"दादा, सगळ्या जगाला ठणकावून सांगतोस," बहीण म्हणाली, "आणि आजच आठवेना?" मग तिचाच आवाज खाली गेला. "मी बोलले होते का रे काही? जेवताना?"

त्यानं ते पान पुन्हा वाकून बघितलं.

साहेबांनी वही मिटली आणि हात पुढे केला. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि भावाकडे न बघता त्या हातावर ठेवलं.