शेटजींचा उंबरा

जुन्नरच्या जुन्या पेठेत, माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर, एका मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान आहे. त्याची कोरीव लाकडी चौकट त्यांच्या पणजोबांच्या वेळची. शेटजींच्या मुलानं ती उखडून काच बसवली आणि दगडी उंबराही फोडला. गिऱ्हाईक अडखळतं म्हणे! मेलं, आजवर तिथं एक माणूस पडलेलं मला आठवत नाही.

काम चालू होतं तोवर शेटजी घरीच बसून होते. दुकान उघडलं त्या सकाळी आले. सवयीनं चपला काढून, उंबऱ्याला हात लावायला वाकले. हात गुळगुळीत फरशीवर चाचपडला आणि थांबला. ते बाहेरच उभे राहिले.

तेवढ्यात काचेचं दार उघडून नवी सेल्सगर्ल म्हणाली, "या बाबा, काय दाखवू?"