अर्धा घासलेला माठ

वार्निशचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. नव्या माठातल्या पहिल्या पाण्याला ओल्या मातीचा आणि किंचित राखेचा जो गंध येतो, तो माझ्या बालपणाचा गंध. त्यावर काही दीडशहाण्यांनी तपकिरी वार्निशचे डबे रिते केले. त्यांना मी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, पुसेगावात माठ घडवतात. मातीत लीद आणि चाळलेली राख मळायची, चाकावरून उतरलेलं ओलं भांडं थापटत थापटत त्याचं पोट पातळ करायचं, आणि भाजून निघाल्यावर टिचकी मारून ऐकायचं. जो माठ खणखणीत बोलत नाही, तो दादा गिऱ्हाइकाच्या नजरेला पडण्याआधी स्वतः फोडतात. मी वसमतला इतिहास शिकवते. सासरचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुंभाराची लेक ओळखू येत नाही. आणि ती ओळखू यावी अशी तसदी मीही कधी घेतली नाही.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या उत्साही मंडळाने जुन्या काळच्या लष्करी छावणीचा जिवंत देखावा उभा करायचं ठरवलं. तंबू, ढाली-तलवारी, बैलांवर धान्य लादून येणारे लमाण, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी माठांची पाणपोई. "ओळखीतला एक कुंभार आहे," असं मीच सुचवलं. दादांनी जीव ओतून चाळीस माठ केले. आदल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, की माठ फारच नवेकोरे दिसतात, जुने वाटावेत म्हणून वार्निश मारतो. मी उत्तरपत्रिका तपासत होते, मान वर न करता 'चालेल' म्हणाले. माठाच्या अंगाला रंग लागला की तो पाझरत नाही, आणि पाझरला नाही की पाणी गार होत नाही, हे आमच्या घरातल्या रांगत्या लेकरालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी पळसाची पानंही मान टाकतील असं ऊन होतं. दादा धुतलेलं धोतर नेसून, कौतुक ऐकायला म्हणून, मागच्या खुर्चीवर येऊन बसले होते. लोक पाणी प्यायले आणि थुंकले. पाणी कोमट, त्याला वार्निशची घाण. तेव्हा अध्यक्षांनी, अंगात सरदाराचा अंगरखा आणि हातात माईक घेऊन, सगळ्यांना ऐकवलं की कुंभाराने आपल्याला फसवलं, माठ कुचकामी निघाले, मंडळ दिलगीर आहे. त्या माणसाची जीभ झडावी असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. दादांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचू लागले.

ते उठले. देखाव्यातल्या चुलीची एक वीट त्यांनी काढून घेतली, एका भरल्या माठापुढे बसले आणि त्याचं अर्धं अंग घासू लागले. खरवडण्याचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. हळूहळू माणसं जमली. घासलेल्या बाजूवर आधी काळसर ओल उमटली, मग बारीक थेंब. दुसरी अर्धी बाजू चकचकीत आणि ठणठणीत कोरडी.

"माठाला घाम येतो, तवा पानी गार व्हतं," दादा शांतपणे म्हणाले. "तुमी त्याचं अंगच बुजवून टाकलं. काहून?"

"तुम्ही कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाईंला इचारा," दादा म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वैशाखाच्या तोंडावरची ती झळ, तंबूंच्या कापडाचा तापलेला वास, आणि त्या अर्ध्या ओल्या माठाशेजारी उकिडवा बसलेला माझा बाप. "हे माठ यांनीच घडवलेत," मी म्हणाले. "आणि वार्निशला होकार मी दिला होता." दोन्ही वाक्यं खरी होती. तिसरं वाक्य माझ्या तोंडून आलं नाही.

दादा तो माठ घेऊन एसटीने गावी गेले. अध्यक्षांवर मी पुढे कित्येक दिवस धुमसत राहिले. त्यांचा खोटा अंगरखा आणि त्याहून खोटा आवाज आठवून भांडी आदळली. रागाचं एक बरं असतं, तो दुसऱ्यावर असला की आपल्याला बूड टेकून बसता येतं.

परवा पुसेगावला गेले. तो माठ ओसरीवर तिवईवर ठेवलेला, अजून तसाच, अर्धा ओला आणि अर्धा कोरडा. शेजारचे दोघं पाणी प्यायला टेकले होते आणि दादा त्यांना छावणीची गोष्ट रंगवून सांगत होते. मी आत चुलीपाशी चहा गाळत होते.

"मंग काय, समदे गप," दादांचा आवाज आला. "पर तिथं एक बाई व्हत्या, लई शिकलेल्या. त्यांनी बराबर सांगितलं, माठ ह्या मानसाचेच हायेत म्हणून."

"कोन व्हत्या?" शेजाऱ्याने विचारलं.

"वळखीच्या न्हवत्या," दादा म्हणाले.

ते मला झाकत होते की माझंच माप माझ्या पदरात घालत होते, हे कळायला मला त्यांचा चेहरा पाहावा लागला असता. चहा कपांत ओतून झाला होता. तो घेऊन बाहेर जायचं होतं.