हरसूलच्या बाजारातला फॉलोअप

माणूस गेला की लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि उठता उठता एखादा किस्सा ठेवून जातात. आमच्या घरात आता इतके किस्से जमलेत, की डॉक्टरांचे छापून आलेले पेपर त्यांच्यापुढे कमीच भरावेत! डॉक्टर म्हणजे माझे यजमान. यकृताचे आजार आणि यकृताचा कॅन्सर, हे त्यांचं संशोधन. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून प्रत्येक पेपरची पहिली वाचक मी.

*

पहिला पेपर छापून आला तेव्हा तो घेऊन हे सिन्नरला गेले. सासूबाईंनी चष्मा लावला.

"यात तू कुठंय?"

"हा बघ, सातवा."

"आणि हे बाकीचे?"

"अगं, सगळ्यांनी मिळून लिहिलाय."

सासूबाईंनी नावं मोजली. अकरा. मग पानं मोजली. सहा!

"अकरा जणांत सहा पानं? अरे, अकरा बायांत दिवसाला अर्धा एकर कांदा लावून होतो!"

पुढे प्रत्येक पेपरला फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "या वेळी किती जण होते?"

*

यकृताचा डॉक्टर मांडवात शिरला की टेबलाखाली ग्लास सरकायचे. एका लग्नात माझ्या भावाला तेवढा वेळ मिळाला नाही.

"दाजी, वाइन म्हणजे आपल्या नाशिकची द्राक्षंच की!"

"बरं. मग रिपोर्टही बागेत नेऊन दाखव, माझ्याकडे नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ उपाशीपोटी ओपीडीच्या रांगेत पहिला!

*

डिपार्टमेंटमध्ये पेशंटच्या फायली शिंदेमामा सांभाळायचे. अभ्यासातल्या प्रत्येक पेशंटचा वर्षानुवर्षं फॉलोअप ठेवायचा, हे अवघड काम. काही जण येणंच बंद करतात.

"सर, याचा फोन कधीचा बंद आहे. गेला असेल. तसं लिहून टाकू?"

"मामा, घरचं माणूस सांगेल तेव्हा लिहू. तोवर आपण कुणाला मारायचं नाही."

तेव्हापासून खुद्द डॉक्टरांचा फोन लागला नाही, तरी मामा तोंड गंभीर करून म्हणायचे, "घरचं माणूस सांगेल तेव्हा लिहू!"

*

फोन न लागणारे पेशंट शोधायची यांची पद्धत म्हणजे आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या हरसूलला जायचं, ठरलेल्या टपरीवर चहा घेत बसायचं. आजाराचं नाव काढायचं नाही. "नाशिकचे डॉक्टर बसलेत," एवढा निरोप पुरे. दुपारपर्यंत पेशंट समोर! परत येताना कुणी ना कुणी नागली, म्हणजे नाचणी, द्यायचं. आमच्याकडे भाकरी कसली, हे शेजारी विचारतसुद्धा नसत.

पेपर तपासणाऱ्या एका परदेशी रिव्ह्यूअरने शंका काढली, की डोंगराळ भागात एकही पेशंट सुटला नाही, हे शक्य कसं? यांनी खरं ते लिहिलं. ज्युनिअर प्राजक्ता घाबरली. "सर, संशोधनाच्या पद्धतीत बाजार आणि चहा?"

"चहा काढ हवं तर. बाजार राहू दे."

पेपर छापून आला. बाजारासकट!

*

शेवटचा पेपर अर्धवट टाकून हे गेले. हृदयविकार, एका सकाळी. सगळ्या पेशंटची माहिती भरली होती, फक्त वामनचा रकाना रिकामा. हरसूलकडचा वामन, फोन बंद. जर्नलची मुदत संपत आली होती.

प्राजक्ता चाचरत म्हणाली, "मॅडम, एक नाव वगळलं तरी चालतं."

शिंदेमामा म्हणाले, "सरांना चाललं असतं का?"

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं हरसूलला गेलो. निरोप धाडायची वेळच आली नाही. त्याच टपरीवर वामन आधीच बसलेला! अंगाने भरलेला, धडधाकट. प्राजक्ताने तिथेच रकाना भरला. मामांनी डोळे पुसले आणि चार चहा सांगितले.

"अरे, दवाखान्यात का नाही आलास?" प्राजक्ताने विचारलं.

"बरा हाय म्हनून नाय आलो. डॉक्टर हितं येतातच की. तीन बाजार झाले, दर बाजाराला वाट बघून जातो." त्याने कप खाली ठेवला. "लोक कायबाय बोलतात बाजारात. डॉक्टर गेले म्हनतात. मी त्यांना डॉक्टरांचंच बोलनं ऐकवलं, घरचं मानूस सांगल तवा. तवर आपन कुनाला मारायचं नाय."

मामा दुसरीकडे बघत होते. वामनने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमी कोन? घरच्या का?"

"हो," मी म्हणाले.