मूळ टीसी

१८ जुलै २०२५ रोजी मुबश्शिराने एक हजार दोनशे पन्नास रुपये फी भरली आणि रामकिसन काळवणे यांनी तिच्या हातात पावती दिली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

रामकिसन शहरातल्या एका जुन्या कॉमर्स कॉलेजात हेडक्लार्क. दिवसा प्यूनची नोकरी आणि रात्री कॉलेज करून बी.कॉम. झालेले. मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधल्या, दोन मुलींची लग्नं केली. निवृत्तीला दहा महिने उरले होते आणि एवढ्या नोकरीत एकही मेमो नव्हता. त्यांच्या बायकोचं, केसरबाईंचं, म्हणणं होतं, "एखाद्या दिवशी जेवायचं राहील, पण ह्यांचं फायलीला सुतळी बांधायचं राहणार नाय."

त्या वर्षी कॉलेजने नवी योजना काढली. बारावीच्या मुलांनी शनिवार-रविवार इथं यायचं, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा अकाउंट्सचा पेपर आत्ताच शिकून परीक्षा द्यायची. पुढे पदवीला आल्यावर तो पेपर पास धरायचा. म्हणजे मुलगा बारावीलाही असणार आणि इथंही. रामकिसन यांनी परिपत्रक वाचलं, सही केली आणि फायलीला लावलं. पण खिडकीशी बसल्यावर तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "मूळ टीसी आणल्याशिवाय ॲडमिशन नाही."

शहरातली पोरं वाद घालणारी. शिवम नावाचा एक जण म्हणाला, "सर, टीसी इथं दिली तर बारावीला काय तुमच्या खिडकीत बसू?"

पोरं हसली. रामकिसन यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लई शहाणा झालास. नंतर आण."

सगळ्यांनी नंतर आणतो म्हटलं आणि कुणीच आणली नाही. मुबश्शिरा मात्र कन्नडच्या कॉलेजात बारावीला, तिथून एसटीने आलेली. ती "जी सर" म्हणाली आणि पुढच्याच आठवड्यात टीसी घेऊन हजर झाली. रामकिसन यांनी ती बाकीच्यांना दाखवली. "बघा. याला म्हणतात विद्यार्थी."

ऑक्टोबरात तिचे वडील फारूखभाई तिला घेऊन आले. कन्नडला त्यांचं गाद्या भरायचं दुकान. दाढीत कापूस अडकलेला, तसेच निघून आले होते.

"साहेब, बारावीच्या फार्मात पोरीचं नावच नाय. तिथले कॉलेजवाले म्हणतात, तुम्हीच टीसी काढली, आता ती आमची नाय."

"पण ती वर्गात बसत होती ना?"

"रोज बसत होती. हजेरी कोण घेतंय हो तिथं?" फारूखभाई कसंनुसं हसले. "आता बोर्डाची शेवटची तारीख शुक्रवारची आहे. साल जाईल का साहेब पोरीचं?"

रामकिसन यांनी परिपत्रक पुन्हा काढलं. त्यात टीसीचा शब्दसुद्धा नव्हता. शिवमने हसत विचारलेला प्रश्न त्यांना आत्ता समजला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, टीसी बॅगेत घेऊन ते कन्नडला गेले. मुबश्शिराच्या कॉलेजच्या उपप्राचार्या विशाखा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाव परत घेते, लेट फीने फॉर्मही भरते. पण ही टीसी तुमच्याकडे कशी काय, ते मला लेखी लागेल. एक तर तुमच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या, की टीसी आमच्या ऑफिसने चुकून घेतली. नाही तर तिचा तिथला प्रवेश रद्द झाल्याचं पत्र द्या. काहीही चालेल, फक्त शुक्रवारच्या आत."

पहिलं पत्र म्हणजे प्राचार्यांसमोर उभं राहणं, लेखी खुलासा, मेमो आणि कदाचित पेन्शनच्या कागदांना अडथळा. दुसऱ्या पत्रासाठी मुलीचा एक अर्ज पुरत होता, आणि त्यावर हेडक्लार्कची सही चालत होती.

मुबश्शिरा बाहेर बाकावर बसली होती, फारूखभाई दाराशी उभे होते. रामकिसन तिच्याशेजारी बसले.

"बेटा, बारावी महत्त्वाची. तो पेपर काय, पुढेही करता येतो. अर्ज देतेस?"

"दुसरा काही रस्ता नाही का सर? आमचं अर्ध्याच्या वर झालंय. शिकवणारे सर म्हणत होते, मी पहिली येईन."

रामकिसन यांनी मांडीवरच्या बॅगेची चेन ओढली. मग म्हणाले, "नाही."

तिने अर्ज लिहिला. स्वतःच्या अडचणीमुळे प्रवेश रद्द करावा, असं त्यांनीच सांगितलं आणि तिने सुरेख अक्षरात उतरवून घेतलं. कागद देताना म्हणाली, "माझंच चुकलं सर. मी पण विचारायला पाहिजे होतं, शिवमसारखं."

"सरांमुळे वाचलं तुझं साल," फारूखभाई म्हणाले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "एवढ्या लांब कोण येतं हो गरिबासाठी?"

रामकिसन यांना त्यांच्याकडे बघवेना. हात सोडवून घेण्याचीही हिंमत झाली नाही.

प्रवेश रद्द झाल्याचं पत्र पोचलं आणि बारावीचा फॉर्म शुक्रवारी भरला गेला. फेब्रुवारीत तिने परीक्षा दिली. अकाउंट्सचा वर्ग शनिवार-रविवार चालूच राहिला. रामकिसन यांना रविवारी सुट्टी असे, पण शनिवारी त्या वर्गावरून जायचं ते टाळू लागले आणि मागच्या जिन्याने उतरू लागले. एकदा शिवमने खिडकीशी येऊन विचारलं, "सर, कन्नडची ती हुशार मुलगी का सोडून गेली?"

"घरची अडचण," रामकिसन म्हणाले. मग उगाचच त्याच्यावर खेकसले, "तुला काय करायचंय? वर्गात जा!"

घरी केसरबाईंनी विचारलं, "हल्ली जेवण का जात नाय तुम्हाला?"

त्यांनी पाणी मागितलं.

मे महिन्यात त्यांचा निरोप समारंभ झाला. प्राचार्य भाषणात म्हणाले की काळवणेंच्या हातून आजवर एकही चूक झाली नाही. टाळ्या वाजल्या. रामकिसन यांनी उठून नमस्कार केला आणि खाली बसले.

ऑक्टोबरात तो अर्ज घेऊन कन्नडहून परतताना जीपवाल्याकडे पाचशेची मोड नव्हती, तेव्हा सोडायला आलेल्या फारूखभाईंनी त्यांचं भाडं दिलं होतं. ते शंभर रुपये अजून द्यायचे आहेत.