आबांनी लॅपटॉप नीट बंद केला होता

एमसीएचं शेवटचं वर्ष मी लग्नानंतर केलं, आमच्या चांदे गावाहून लवळ्याच्या कॉलेजात ये-जा करत. घरात लॅपटॉप एकच, त्यात सिस्टिम दोन. सासरे, म्हणजे आमचे आबा, विंडोजवर जत्रेतल्या कुस्त्या बघायचे. माझा प्रोजेक्ट लिनक्सवर चालायचा. दोघांच्या फायली मात्र डी ड्राइव्हवर एकत्र. ही सोय मीच केलेली, त्यामुळे माझा तोराही भारी होता.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशीच सकाळी लिनक्समध्ये डी ड्राइव्ह उघडेना. दुपारी परीक्षक येणार आणि वर्षभराचं काम आत अडकलेलं. आमच्याकडे खोली घेऊन राहणारे, हिंजवडीत नोकरी करणारे भाडेकरू बघून म्हणाले, "करप्ट झालाय. फॉरमॅट मारा. काल शेवटी कुणी वापरला?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आदल्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच तो स्वतः बंद केला होता, मी शिकवल्याप्रमाणे.

"म्या बरूबर बंद क्येलता," आबा म्हणाले. मग ते उठून गोठ्याकडे गेले. भावकीच्या नाकावर टिच्चून सुनेला कॉलेजात धाडणारा हा माणूस, त्याने मान खाली घालून जावं याचा मला संताप आला. सगळं पुसून टाकणारं फॉरमॅट तर मी मुळीच करणार नव्हते.

विंडोज उघडलं. फायली जागच्या जागी! मग ड्राइव्ह खराब कसा? शट डाउन करून लिनक्समध्ये गेले, तर पुन्हा तेच. परत विंडोज, या वेळी नेहमीच्या सवयीने रिस्टार्ट दाबलं आणि लिनक्समध्ये ड्राइव्ह गपगुमान उघडला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. रिस्टार्टने विंडोज पुरतं बंद व्हायचं, पण शट डाउन म्हटलं तर होतच नव्हतं. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपायचं आणि ड्राइव्हवरचा ताबा सोडायचं नाही. या सोयीचं नाव फास्ट स्टार्टअप; तिच्यापुढची खूण मी सेटिंगमधून काढून टाकली.

आधी गोठ्यात जाऊन आबांना सांगितलं, की तुम्ही बरोबरच बंद केला होता. ते नुसतं "व्हय?" म्हणाले आणि म्हशीला वैरण टाकत राहिले.

प्रोजेक्ट झकास झाला. संध्याकाळी भाडेकरूंनी विचारलं, "कुणाकडून दुरुस्त करून आणलात?"

मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरून आबा गरजले, "आणतोय कुटनं? आमच्या सूनबाईनं केला. आन् म्या बरूबर बंद क्येलता, त्ये बी तिनंच शाबीत केलं."