चौथ्यांदा गेलेली नोकरी

गेल्या वर्षी होळीनंतरच्या रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, शेळगावात माझ्या भाचीला बघायला कळंबचा मुलगा आला. तो बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाइनचे काम करतो, असे बायोडाटात होते. चहा झाल्यावर भाचीच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, नोकरी पक्की आहे का असे विचारले. मुलगा म्हणाला, ‘‘काल गेली. चौथ्यांदा.’’ भाची हसली. बाकी कोणी हसले नाही.

चेष्टा होती, नोकरी आहे, असे त्याने लगेच सांगितले. पण पाहुणे गेल्यावर घरात दोन शंका उरल्या. एक, नोकरी खरोखर गेली असावी. दोन, मुलगी हसली त्या अर्थी दोघांची आधीची ओळख असावी. चौकशी झाल्याशिवाय आमच्याकडे सुपारी फुटत नाही. मी बारामतीत राहतो आणि वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

‘‘पाहुणं, जगाची चौकशी करताय, ही बी करा,’’ आबा म्हणाले. ‘‘आठ दिसांत सांगा. न्हायतर डाळजचं स्थळ थांबलंय, त्येंना होकार कळवतो.’’

भाचीने मला परसात गाठले. ‘‘मामा, मला हाच पसंत आहे. डाळजला मी नाही म्हणणार, मग घरात काय होईल ते बघा.’’

‘‘आधीची ओळख?’’

‘‘नाही. बायोडाटा वाचा.’’

दोघांच्याही बायोडाटात ‘छंद’ या रकान्यात एकाच परदेशी कार्टून मालिकेचे नाव होते. मुलाने ते वाचले होते. आमच्या घरात कोणी वाचले नव्हते. जमीन, शिक्षण, मामाचे गाव एवढे वाचून बायोडाटा पुढे पाठवतात. मीही तेच केले होते.

दुसरी शंका मिटली. मुलाचे ते बोलणे मालिकेतले आहे, असे भाची म्हणाली, म्हणून पहिलीसाठी मालिका पाहिली. भाची बारामतीला माझ्याकडे आली आणि दोन दिवसांत तिने मला चौदा भाग दाखवले. मालिका वीस वर्षांहून जास्त चालू आहे. त्यातला बाप पिंपे बनवणाऱ्या कारखान्यात आहे. भागाच्या शेवटी मालक त्याला काढून टाकतो. पुढच्या भागात तो कामावर असतो. मी वहीत लिहिले : नोकरी गेली. पुन्हा कामावर. कारण दिलेले नाही. शेजारी दर भागात उसनी शिडी परत करायला येतो आणि शिडी आणत नाही. त्या बापाची मुलगी चौथीत आहे. पहिल्या वर्षीही चौथीतच होती.

एका भागात दारातून एक टकला माणूस गेला. भाची हसली.

‘‘हा कोण?’’

‘‘तिकडचा जुना मंत्री.’’

‘‘त्याचं इथं काय काम?’’

‘‘काही नाही, मामा. नुसता जातो.’’

वहीत त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह केले. दुसऱ्या दिवशी अशी एकोणीस प्रश्नचिन्हे झाली.

गुरुवारी कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर मुलाचा सहकारी भेटला. मी कोण आणि कशासाठी आलो ते सांगून विचारले, याची नोकरी कधी गेली होती का?

‘‘दर शुक्रवारी,’’ तो म्हणाला. ‘‘जेवताना सांगतो, आज काढलं मला. सोमवारी डबा घेऊन हजर.’’

‘‘म्हणजे गेली होती की नाही?’’

‘‘अहो, तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतोय. तापानं दोन दिवस नव्हता, तेवढंच.’’

शुक्रवारची गोष्ट अहवालात घ्यावी की नाही, हे मला ठरवता आले नाही. शेवटी घेतली.

शनिवारी शेळगावात आबांना दोन पाने वाचून दाखवली. मालिकेच्या परिच्छेदाशी त्यांनी थांबवले.

‘‘त्या बापाला परत कामावर कोण घेतं?’’

‘‘कोणी नाही. तो असतोच.’’

‘‘मग काढला कशाला?’’

‘‘दर वेळी काढतात.’’

‘‘आन् ह्ये बघून मानसं हसत्यात?’’

‘‘व्हय, आबा.’’

‘‘तुमाला हसू आलं?’’

‘‘एकदा. शिडीला.’’

आबांनी भाचीला बाहेर बोलावले. ‘‘त्यो बोलला तवा चेष्टा हाय ह्ये तुला कळलं व्हतं?’’

‘‘हो.’’

‘‘लगीच?’’

‘‘लगेच. त्यानं माझ्याकडं बघूनच म्हटलं.’’

‘‘मला न्हाय कळलं. अजून बी न्हाय. तुज्या मामानं चौदा भाग बघितलं, त्यांच्या बी ध्यानात न्हाय. उद्या तिथं नांदायला आमी जाणार न्हाय, तू जाणार. त्यो असाच बोलंल जल्मभर. चालंल?’’

‘‘चालेल, आबा.’’

आबांनी पाने घडी करून खिशात ठेवली आणि कळंबला फोन लावला. पुढच्या रविवारी पाच माणसे घेऊन या, असे त्यांनी मुलाच्या वडिलांना सांगितले. नऊ आली. दुपारी साडेबाराला सुपारी फुटली.