शेजारच्या वर्गातले सर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि शेजारच्या वर्गात हे सर इतिहास शिकवायचे. आवाज एवढा मोठा, की माझी मुलं मराठीच्या वहीत इतिहास उतरवून घ्यायची. प्राध्यापक होऊन काय मिळालं विचारलं, की म्हणायचे, "बोलायला मिळतं हो, लई!"

दुष्काळातल्या एका दुपारी तिकडून आवाजच येईना. घाबरून डोकावलो. सर फळ्यावर मुकाट लिहीत होते. शेवटच्या बाकावर, पंख्याखाली, हदगावाकडून आलेली त्यांची आई गाढ झोपली होती.

"पाण्यापायी गावात झोपच न्हाई तिला," सर कुजबुजले.

तेवढ्यात शिपाई घंटेकडे निघाला. सरांनी धावत जाऊन त्याचा हात धरला. "मामा, दहा मिनिटं थांबा."

सगळ्या कॉलेजचा तास लांबला. प्राचार्यांनी कारण विचारलं.

"विषय मोठा होता," मीच सांगून टाकलं.